न्हाय म्हटलेला रस्ता

सदलग्याच्या अलीकडच्या त्या गावात नागोजीअण्णाची ओळख सांगायची तर माणसं आधी रस्ता सांगत. "रस्ता दिल्याला नागोजी, त्योच." नागोजीला हे ऐकायला आवडायचं. कुणी तसं म्हटलं की तो मिशीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "दिला म्हंजे काय रं, शेजाऱ्यासाठी एवढं बी करू नये व्हय?" म्हणजे विषय संपवायचा नाही, आणखी थोडा चालू ठेवायचा.

रस्ता त्यानं दिला होता हे मात्र खरं. त्याच्या रानाच्या मागं भरमूची वस्ती. भरमू त्याच्याच वयाचा. दोघं शाळेत एका बाकावर बसून एकाच वर्षी नापास झालेले. वस्तीवर भरमू, त्याची बायको नागुबाई, निपाणीला कॉलेजात जाणारी मुलगी रूपाली, दोन म्हशी आणि दोन एकर ऊस. तिथं जायचं तर नागोजीच्या बांधावरून, एका पायापुढं दुसरा पाय टाकत. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल पायातली चप्पल ठेवून घ्यायचा. ऊस तुटला की मोळ्या डोक्यावर घेऊन डांबरी सडकेपर्यंत आणाव्या लागत. भरमूची मान त्यातच कायमची आखडली होती.

तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीच्या देवळात पाच माणसांसमोर नागोजी उठून म्हणाला, "माझ्या बांधाकडनं धा फूट घ्या आणि वाट करा." भरमूनं बदल्यात दोन गुंठे देतो म्हटलं, तेही नागोजीनं घेतले नाहीत. कागद कुणी काढला नाही. देवीचा भंडारा कपाळाला लावला आणि सगळे उठले. गेल्या उन्हाळ्यात पंचायतीनं त्या वाटेवर सिमेंट ओतलं. सडकेपासून निघून, नागोजीच्या रानातल्या घरावरून, थेट भरमूच्या दारात. नारळ नागोजीनंच फोडला.

घोळ झाला तो त्यानंतर, आणि झाला तो सुनेच्या फोनमधून.

सून तेजस्वी बेळगावच्या खासबागेतली. बापाचे घरात दोन माग, भावाचे वडगावात आणखी दोन. इकडं नांदायला आल्यावर तिनं माहेरच्या साड्या आसपासच्या गावांतल्या बायकांना विकायचं काम सुरू केलं. नवरा महादेव कागलच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी सहाला घर सोडणार आणि संध्याकाळी सातला येणार. त्यामुळं हिचा सगळा कारभार फोनवर. साड्यांचा गठ्ठा घेऊन येणारा गाडीवाला मात्र दर खेपेला चुकायचा. तो फोनमधला नकाशा बघत यायचा आणि नकाशात हा रस्ताच नव्हता. फोन त्याला सडकेवरून सरळ पुढं काढायचा, चार किलोमीटरचा वळसा घालून कालव्याच्या भरावावर न्यायचा आणि तिथं सोडून द्यायचा. गाडीवाला कालव्याच्या पलीकडं उभा राहून ओरडायचा, "ताई, घर दिसाय लागलंय, पण येऊ कुठनं?" तेजस्वी अलीकडून नुसते हात हलवायची.

"एवढा सिमेटाचा रस्ता त्येच्या फोनाला दिसंना कसा गं?" सासूनं, मनुबाईनं, एकदा विचारलं.

"आत्ती, वरनं काढल्याला फोटो जुना हाय. त्यात हितं अजून ऊसच दिसतोय. रस्ता झाला म्हणून त्यांला आपोआप कळत न्हाय. हितल्या कुणीतरी सांगाय लागतंय. मग ते आजूबाजूच्या माणसांस्नी इचारतात, हे खरं काय म्हणून. ती व्हय म्हनली की रस्ता येतोय."

"मग सांग की. त्यात काय हाय?"

तेजस्वीनं सांगितलं. दुपारची भांडी झाल्यावर ओसरीत बसून तिनं फोनवर बोटानं रेघ ओढली, सडकेपासून भरमूमामांच्या वस्तीपर्यंत. बोट दोनदा सरकलं, दोनदा पुसून परत ओढली. मग सासूला दाखवली. मनुबाईला त्यातलं काही कळलं नाही, पण सुनेचं कौतुक वाटलं.

ही बातमी नागोजीला घरातून कळली नाही, ती त्याच्या चुलतभावाकडून कळली. मारुतीराव एकेकाळी कोर्टात तीन वर्षं खेटे घालून आलेला, तेव्हापासून तो स्वतःला निम्मा वकील समजायचा. नागोजी उसाला पाणी पाजत होता तिथं तो बांधावर येऊन बसला.

"नागोजी, तुझ्या सुनंनं तुझ्या रानातनं नकाशात रेघ मारलीया म्हनं."

"कसली रेघ?"

"रस्त्याची. माझ्या पोराच्या फोनवर इचारलंय, हितं रस्ता हाय का म्हणून."

"हाय की मग."

"हाय की काय हाय की! तोंडी दिलंयस तवर तुझं हाय. उद्या महादेवला दोन खोल्या वाढवाव्या वाटल्या, न्हायतर प्लॉट पाडावं वाटलं, तर धा फूट माघारी घेता येत्यात. एकदा नकाशात गेलं की सरकारी. मग बस बोंबलत."

 सरीचं तोंड फुटून पाणी भलतीकडं चाललं होतं, तिकडं नागोजीनं खोऱ्यानं माती ओढली. पण ऐकलेलं डोक्यात राहिलं.

नकाशा म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढं एकच नकाशा यायचा. मोजणीदार येतो, साखळी ओढतो, दगड रोवतो आणि कागदावर रेघ उमटते. तसल्या एका रेघेनं त्याच्या बापाचं सोळा गुंठे रान कालव्यात गेलं होतं. त्याच्याही आधी, एका सकाळी उठल्यावर त्याच्या आज्याला कळलं होतं की आपण आता दुसऱ्या राज्यात आहोत. घर तिथंच, विहीर तिथंच, फक्त रेघ सरकली. सीमाभागातल्या माणसाला रेघेची भीती शिकवावी लागत नाही.

पण नुसती भीतीच होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मारुतीराव म्हणाला ते नागोजीच्याही मनात अधूनमधून येऊन गेलं होतं. दहा फूट दिले होते, लोकांसमोर दिले होते, पण मनातून सोडले नव्हते. सकाळी रस्त्यावरून चालताना तो अजून पावलांनी ते मोजायचा.

तो दुपारी जेवायला आला तो हात न धुताच ओसरीत उभा राहिला.

"तेजस्वी, त्यो नकाशा आण हिकडं."

तिनं फोन पुढं केला. तिला वाटलं, मामांना बघायचाय. तिनं बोटानं मोठा करून दाखवला. "ही सडक, हे आपलं घर, ही भरमूमामांची वस्ती. आणि हा रस्ता. अजून कच्चा हाय, आता ते इचारणार, मग..."

"पूस ती रेघ."

"आं?"

"पूस म्हनलं न्हवं? माझ्या रानातनं नकाशा काढायला अंगठा कुणी दिला तुला?"

"मामा, हा मोजणीचा नकाशा न्हाय. हा वाट दावायचा हाय नुसता. ह्याचं आणि जमिनीचं काय बी..."

"नकाशा त्यो नकाशाच."

मनुबाई आतून आली. "अवं, पोरगीला वराडताय कशाला?"

"तू गप."

तेजस्वी खाली बघून म्हणाली, "आता मला पुसता येत न्हाय मामा. आता ज्यांला इचारलंय ती काय म्हनत्यात त्यावर हाय."

"कुणाला इचारलंय?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "आत्तींच्या फोनवर आलंय."

मनुबाईचा फोन फळीवर देवाच्या तसबिरीपाशी असायचा. नागोजीनं तो सुनेला उघडायला लावला. वर रेघेचं चित्र आणि खाली प्रश्न, इथं रस्ता आहे का. त्याखाली तीन उत्तरं. हो, नाही, माहीत नाही.

"म्हाईत न्हाय दाबा हवं तर, मामा," तेजस्वी हळूच म्हणाली. "त्यानं काय हुईत न्हाय."

"माझ्याच रानातलं मलाच म्हाईत न्हाय म्हनू व्हय?"

त्यानं डाव्या हाताचा अंगठा धोतराला पुसला, कचेरीत शाईच्या डबीवर ठेवायच्या आधी पुसतात तसा, आणि नाहीवर दाबून धरला. फोन थरथरला. त्याला वाटलं, उमटलं.

"खोटं हाय हे, मामा."

"खोटं कसं? कागदावर कुठं हाय रस्ता?" असं म्हणून तो हात धुवायला गेला.

जेवण झाल्यावर तो मारुतीरावाकडं गेला, आणखी दोन घरांत गेला. सगळीकडं त्यानं जवळ बसून न्हाय दाबून घेतलं. लोकांनीही दाबलं, कारण रान त्याचं, रस्ता त्याचा, आणि एवढ्याशानं कुणाचं काय जात होतं? भरमूच्या दारात मात्र तो गेला नाही. तेवढी लाज होती.

आठ-दहा दिवसांनी तेजस्वीच्या फोनवर आलं की तुम्ही सुचवलेला रस्ता घेतलेला नाही. तिनं ते सासऱ्याला वाचून दाखवलं. नागोजी म्हशीला आंबोण ठेवत होता. "बरं झालं," म्हणाला, आणि त्यानंतर तो ते विसरूनही गेला. साड्यांचा गठ्ठा आला की तेजस्वी स्वतः सडकेवर जाऊन उभी राहायची. 

संक्रांत होऊन गेली. ऊसतोडीच्या टोळ्या पलीकडच्या गावात अडकल्या होत्या आणि भरमूचा ऊस तोडीची वाट बघत रानात उभा होता. पाचट इतकं वाळलेलं की वारा सुटला की सगळं रान खसखसायचं. त्या दिवशी सकाळपासूनच वारा होता. अकराच्या सुमाराला भरमूच्या रानावरून गेलेल्या तारा एकमेकींना लागल्या. ठिणग्या पडल्या त्या नागुबाईनं बघितल्या. ती नाल्याला धुणं धूत होती. ती ओरडत पळाली तोवर कोपरा पेटला होता.

नागोजीनं धूर बघितला आणि कोयता घेऊन सिमेंटच्या रस्त्यानं पळत सुटला. पन्नाशी ओलांडलेलं अंग, पळताना छाती वाजायला लागली. पोचला तोवर भरमू मोटारीच्या खोलीत खटके खाली-वर करत होता. तारा लागल्याबरोबर लाइट गेली होती. मोटार चालू होईना. विहिरीत पाणी, पाइप रानात पसरलेला आणि पाइपातून वाराच येत होता.

"बंबाला फोन केला का?" नागोजी ओरडला.

"केला की!" रूपाली कळशीनं पाणी मारत होती, तिचे केस एका बाजूनं करपले होते. "निघालाय म्हनं. लोकेशन बी धाडलंय."

लोकेशन म्हणजे काय ते नागोजीला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. तो आणि भरमू वाऱ्याच्या पुढच्या अंगाला उसात घुसले आणि पट्टा पाडायला लागले, म्हणजे आग येऊन तिथं थांबावी. पाच सऱ्या तोडल्या. पाती हातातोंडाला कापत होती. धूर घशात बसून खोकला आला की कोयता हलायचा. मनुबाई आणि तेजस्वी लिंबाचे ओले डहाळे घेऊन ठिणग्या झोडपत होत्या. गावातली दहा-पंधरा माणसं आली. आग पाच सऱ्या ओलांडून गेली.

तेवढ्यात घंटा ऐकू आली.

सगळ्यांनी रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. घंटा उलट्या बाजूनं येत होती. मग कालव्याच्या भरावावर, झाडांच्या मधून, लाल बंब दिसला. तो वस्तीकडं पाठ करून लांब चालला होता.

"त्यो कुठं चाललाय?" भरमू ओरडला. "आरं, त्यो तिकडं का जातोय?"

नागोजीला त्याच क्षणी कळलं. कोयता त्याच्या हातातून सुटला नाही, पण हातात असल्याचंही भान राहिलं नाही. समोर डहाळा धरून उभी असलेली तेजस्वी भरावाकडं बघत होती. मग तिनं सासऱ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. त्याला तो चालला असता.

तो डोक्याचा टॉवेल सोडून कालव्याच्या दिशेनं पळाला. उसाच्या खोडक्यांतून पडत, उठत. काठावर जाऊन टॉवेल हलवत ओरडला. बंब पुढं कालव्यावरच्या पुलापाशी थांबला होता. तो पूल बैलगाडीच्या मापाचा, त्यावरून बंब येणं शक्यच नव्हतं. वळायला जागा नाही. भरावावरून तो पाव मैल मागं मागं घ्यावा लागला, मग चार किलोमीटर सडकेला आणि मग ह्या रस्त्याला. अर्धा तास त्यातच गेला.

नागोजी परत आला तेव्हा आग गोठ्याला लागली होती. भरमू आत होता. दोन म्हशी, दोघींच्या गळ्यात लोखंडी साखळ्या, आणि साखळ्या तापून हात लावू देत नव्हत्या. भरमूनं उघड्या हातांनी एकीची कडी काढली. ती बाहेर आली. दुसरी गाभण होती, ती बसली होती, उठेना. तिच्या साखळीला भरमू लटकला तेव्हा नागोजीनं आणि आणखी एकानं त्याला कमरेला धरून मागं ओढलं. त्याच्या तळहाताची कातडी साखळीवर राहिली. म्हैस एकदाच ओरडली.

बंब आला. ड्रायव्हर वरच्या कन्नड मुलखातून नवीनच आलेला, कोवळा पोरगा. तो उतरून रडकुंडीला येऊन फोन दाखवायला लागला. "इल्ली रस्ते इल्ल अंत तोरिसतैती! नोडरी, नोडरी!" इथं रस्ताच नाही म्हणून दाखवतंय, बघा, बघा. गावकऱ्यांनी त्याला शिव्या दिल्या, फोनाला शिव्या दिल्या, मारुतीरावानं सरकारला दिल्या. नागोजी फोनाकडं बघत उभा होता. भरमूची वस्ती दिसत होती, त्याचं स्वतःचं घर दिसत होतं, आणि मधल्या जागेत काहीच नव्हतं. ज्यावर तो बंब उभा होता तो रस्ता तिथं नव्हता.

जळका ऊस जास्त दिवस रानात ठेवता येत नाही, त्यातला गोडवा उतरतो. टोळी आली नाही, तेव्हा गावानं कोयते घेतले आणि सगळ्यांच्या पुढं नागोजीनं घेतला. महादेवनं रजा काढली. तेजस्वी मोळ्या बांधायला, मनुबाई सगळ्यांच्या भाकरी थापायला. पहाटे उजाडलं की सुरू, दिवस मावळेपर्यंत. जळक्या उसाची काजळी अंगावर बसायची आणि घामानं पाझरून डोळ्यांत जायची. थुंकी काळी, कानात काळं, नखांत काळं. नागोजीच्या हाताला फोड आले, फुटले, परत त्याच जागी आले. महादेव म्हणाला, "आप्पा, जरा बसा की सावलीला." तो बसला नाही. बसलं की म्हशीचं ओरडणं ऐकू यायचं.

भरमूला दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सोडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. तो बांधावर येऊन पोत्यावर बसायचा आणि आपला ऊस दुसऱ्यांनी तोडताना बघायचा. नाकावर माशी बसली तरी रूपालीला हाक मारायची. लघवीला जायचं तर धोतर सोडायला बायको लागायची. एकदा नागुबाई लांब होती म्हणून तो तसाच मांड्या आवळून बसून राहिला, आणि नंतर बसल्या जागी पोतं ओलं झालं. नागोजीनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं करून पाठ वळवली.

येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "शेजारी आसावा तर नागोजीअण्णासारखा. आधी रस्ता दिला, आता घाम द्यायलाय." नागोजीनं मिशीला हात लावला नाही. तो कोयता आणखी जोरात मारायचा. मारुतीराव दोन दिवस फिरकला नाही आणि तिसऱ्या दिवशी आला तेव्हा दोघांनी एकमेकांच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे भाकरी खाऊन टेकले होते. तेजस्वी पाण्याचा तांब्या घेऊन सासऱ्यापाशी आली. आगीपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"मामा, परत घालू का रस्ता?"

नागोजीनं मान हलवली. "घाल."

तिनं तिथंच बसून रेघ ओढली. मग म्हणाली, "नाव इचारतंय रस्त्याचं."

नागुबाई जवळच बसली होती. तिनं आवाज चढवूनच सांगितलं, "त्यात इचारायचं काय? अण्णाचंच नाव घाल. नागोजीअण्णा रस्ता. व्हय का न्हाय वो?" तिनं नवऱ्याला विचारलं. भरमूनं मान डोलावली. बाकीचेही बरोबर, बरोबर म्हणाले. तेजस्वीनं फोन हातात धरला होता. ती लिहीत नव्हती, ती सासऱ्याकडं बघत होती.

"नाव नको," नागोजी म्हणाला. सगळ्यांना ते त्याचं मोठेपण वाटलं. ते बघून त्याला आणखी शरम वाटली. तो उठून उसात गेला आणि एकटाच तोडायला लागला.

पाचव्या दिवशी शेवटचा ट्रॅक्टर भरला. तो सडकेपर्यंत नीट गेला का बघायला माणसं त्याच्या मागून गेली. नागुबाईलाही कारखान्याच्या चिठ्ठीसाठी जायचं होतं. रूपालीची परीक्षा होती. नागुबाईनं ताट आणून नागोजीपुढं ठेवलं. "अण्णा, ह्येस्नी तेवढं चार घास भरवता का? सकाळपास्नं पोटात काय न्हाय. मी आलेच."

गोठ्याच्या जागी नुसती राख आणि चार काळे खांब. राहिलेली म्हैस आंब्याला बांधलेली. भरमू झोपडीच्या भिंतीला टेकून बसला होता. नागोजीनं हात धुतले. चार वेळा धुतले तरी काजळी निघाली नाही. त्यानं भाकरी कुस्करली, आमटीत कालवली आणि घास पुढं केला.

भरमूनं खाली बघत तोंड उघडलं. गडीमाणसानं दुसऱ्या गड्याच्या हातनं खायचं, त्याला ते जड जात होतं. दोन घास झाले, तीन झाले. आमटी हनुवटीवर ओघळली ती नागोजीनं टॉवेलनं पुसली.

"तू नसतास तर ह्यो बी ऊस गेला आसता," भरमू खाली बघूनच म्हणाला.

नागोजीच्या हातात चौथा घास होता. तो तसाच राहिला.

"भरमू, फोनात ह्यो रस्ता येणार हुता. तेजस्वीनं घातलाता. मी न्हाय म्हनून दाबलं."

भरमू चावत होता, तो थांबला.

"मनुच्या फोनवर मी दाबलं. आन घरोघर जाऊन बाकीच्यांकडनं दाबून घेतलं. बंब त्येच्यामुळं कालव्यावर गेला. तुझं हात... म्हस... ह्ये समदं माझ्यामुळं झालंय रं."

बोलून झाल्यावर नागोजीला वाटलं, हा आता ओरडेल. ओरडावं असंच त्याला वाटत होतं. भरमूनं तोंडातला घास गिळला. त्याला तो गिळायला वेळ लागला.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"आं?"

"रूपालीच्या फोनवर बी आलतं ते. हितं रस्ता हाय का म्हणून. पोरगी व्हय दाबणारच हुती. तवर मारुतीरावाच्या पोरानं तिला सांगितलं, अण्णा घरोघर फिरून न्हाय म्हनाय लावायलाय. मी म्हनलं तिला, न्हाय दाब."

"तू? तू का रं?"

"तुझं रान. तुला नकोय म्हनल्यावर मी व्हय कसा म्हनू? तुला वाटलं आसतं, तोंडी दिल्याल्याचा भरमूनं मागच्या दारानं कागद केला." त्याला दम लागला होता. "देवळात तू उठून बोललास तवा म्या कागद मागितला न्हाय. आता फोनात कशाला मागू? पायाखाली वाट हाय न्हवं, मग फोनात नसली तर बिघडतंय कुठं, म्हनलं."

आंब्याखालची म्हैस एकटीच रवंथ करत होती. नागोजीला वाटलं, ह्यानं शिवी द्यावी, दोन शिव्या द्याव्या. बांधलेल्या हातांनी का होईना, मारावं.

"मी तुझ्याकडं बघून न्हाय म्हनलं, नागोजी," भरमू म्हणाला. "तू कुणाकडं बघून म्हनलास?"

नागोजीला मारुतीरावाचं नाव घेता आलं असतं. बापाच्या सोळा गुंठ्यांचं सांगता आलं असतं. ते सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं.

"माझ्याचकडं," तो म्हणाला. "माझ्याचकडं बघून रं."

 सडकेकडून माणसांचे आवाज यायला लागले होते. कुणीतरी हसत होतं, ट्रॅक्टर नीट गेला असावा.

"भरव," भरमू म्हणाला. "गार व्हायलंय."

नागोजीनं घास पुढं केला. आमटी भरमूच्या छातीवर सांडली. भरमूनं तोंड उघडलं. ह्या वेळी त्यानं खाली बघितलं नाही. ताट संपेपर्यंत तो नागोजीच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मान नागोजीनं खाली घातली होती.